सातेनिकबाईंचे तबक

सप्टेंबर सरत आला की आयर्लंडमधल्या नास गावातली सकाळ थेट आकाशातून येत नाही. ती शेजाऱ्यांच्या घरावरून उतरत येते. आधी पलीकडच्या छपराची कड उजळते, वहीच्या पानाला आखलेल्या समासासारखी. मग तो उजेड भिंतीवरून घसरत घर तापवायच्या तेलाच्या हिरव्या टाकीपाशी येतो, तिथे थोडा रेंगाळतो, कुंपणाच्या ओल्या फळ्या एकेक करून ओलांडतो आणि मागच्या गवतावर उतरतो. गवताला त्याचे काहीच वाटत नाही. ते तसेच काळसर, दवाने जड. त्यानंतर बराच वेळ काही घडत नाही. मग केव्हातरी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या काचेवरचे पाण्याचे वाळलेले ठिपके दिसू लागतात, नळाची वाकडी मान दिसते, पालथे घातलेले चार कप दिसतात, आणि सगळ्यात शेवटी ओट्यावरच्या पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर उजेडाचा एक पांढुरका गोळा येऊन बसतो. वरच्या मजल्यावर कुणी चालले की तो थरथरतो. त्या उजेडात ऊब नव्हती, फारसे सौंदर्यही नव्हते. रोजचा होता. पियूष पाऊण तास तो पाहत बसला होता, कारण तो पाहून संपला की दिवस सुरू होणार होता, आणि दहा वाजता आर्पिने येणार होती.

"तू केव्हाचा बसून राहिला इथे?"

दारात नंदकुमार उभे होते. अंगात जावयाने घेऊन दिलेला जाड स्वेटर, डोक्याला अमरावतीहून आणलेली कानटोपी. पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी ते अजून साडेसहाला उठून कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे उभे राहत.

"आत्ताच आलो, बाबा. चहा ठेवतो."

"साखर वरच्या कपाटात आहे. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, तुझी ताई पण. इस्त्री कुठं ठेवते मग, विचारलं मी." ते खुर्ची ओढून बसले. "आज कोण येते म्हणाला तू?"

"ऑफिसमधली एक. तिच्या आईनं तुमच्यासाठी काही पाठवलंय. गुरुवारी तुम्ही निघताय ना, म्हणून."

"आम्हाला तर ती ओळखत नाही."

"मी सांगितलंय तिला तुमच्याबद्दल."

नंदकुमारांनी मुलाकडे पाहिले आणि मग खिडकीकडे पाहिले. बापलेकांत एका गोष्टीवर प्रश्न एकापुढे जात नसे. दुसरा प्रश्न विचारणे त्यांना कुणाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखे वाटे. पियूषचाही तोच स्वभाव होता, आणि आज त्याला त्याचे बरे वाटले.

त्याने सांगितले त्यातले काही खोटे नव्हते. ॲथलोन गावच्या टेलिकॉम कंपनीत आर्पिने त्याच्याच मजल्यावर, चाचणीच्या विभागात होती. तिची आई सातेनिक आर्मेनियातल्या ग्युमरीजवळच्या खेड्यातली. भूकंपात घर गेले, पुढे नवरा गेला, आणि सहा वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन या ओल्या देशात येऊन राहिली. सुईने लेस विणायची, चांदीच्या तारेचे दागिने करायची, भाजायची, वाळवायची आणि शनिवारच्या बाजारांत मांडून बसायची. दोन वर्षांपूर्वी पियूषचे आर्पिनेशी जमले, आणि तेव्हापासून तो दर रविवारी त्यांच्याकडे जेवत होता.

त्याने जे सांगितले नव्हते ते एवढेच होते: सातेनिकच्या गावात लग्नाची बोलणी तोंडाने होत नाहीत. एक तबक जाते. खरे तर ते मुलाच्या घरून मुलीकडे जायला हवे. पण दोन वर्षांत पियूषच्या घरून कुणी फिरकले नाही, तेव्हा सातेनिकने आपला मान गिळला आणि स्वतःच तबक भरले. ते त्याच दिवशी परत जाते. त्यात काही घातलेले असेल तर होकार. रिकामे गेले तर नकार. कुणाला कुणासमोर 'नाही' म्हणावे लागत नाही. आर्पिनेने हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा पियूषला वाटले होते, इतकी शहाणी रीत आपण कुठे ऐकली नाही.

त्याचा बेत साधा होता. आलेल्या वस्तू काढून घ्यायच्या, तबक घासून पुसायचे आणि चार वाजता तिच्या हातात द्यायचे. घरात कुणाला काही कळणार नाही. तिला जे कळायचे ते कळेल.

*

ती दहाला पाच मिनिटे कमी असताना आली. तबक तांब्याचे, काठाला द्राक्षवेलीची नक्षी, आणि वर पांढरी लेस. आर्पिनेने ते दोन्ही हातांनी धरले होते, त्यामुळे नमस्कार करायचे अडले. तिने ते पियूषच्या हाती न देता स्वतः जाऊन टेबलावर ठेवले आणि मग हात जोडले.

"नमस्कार, काकू. नमस्कार, काका."

हे शब्द पियूषने कधीतरी हसत हसत शिकवले होते. ती ते इतक्या जपून म्हणाली, की पियूषची आई, सुचित्राबाई, नकळत खुर्चीतून उठल्या.

"बस ना बाप्पा. चहा घे. विभा, सांग तिला."

पियूषच्या ताईने, विभावरीने, इंग्रजीत सांगितले. आर्पिनेने मान हलवली. आई बाजारात एकटी आहे, टेबल मांडायचे आहे, चार वाजता तबक न्यायला येईन, असे तीही इंग्रजीतच म्हणाली. एवढ्या वेळात तिने एकदाच पियूषकडे पाहिले.

तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला.

"तू त्यांना तबकाचं सांगितलंस ना?" तिने विचारले.

"हो."

"काय म्हणाले?"

"विचार करतायत. तुला माहितेय, आमच्याकडे या गोष्टी..."

"माहितेय." तिने किल्ली काढली. "आई तीन दिवस ओव्हनसमोरून हलली नाही. पण खरं सांगू? रिकामं आलं तरी चालेल मला. ती रडेल, मीही रडेन. पण दोन वर्षं काहीच कळत नाहीये, त्यापेक्षा ते बरं."

"आईबाबा जुन्या वळणाचे आहेत, आर्पिने."

"तुझी आई मला पाहून उभी राहिली," ती म्हणाली. तिला ते नीट समजले नव्हते. तिने नुसते जे पाहिले ते सांगितले.

गाडी वळणाआड गेली, तरी तो घरात गेला नाही. कालव्याकडे फिरून येतो, असा बहिणीला मेसेज टाकून तो चालू लागला.

*

सुचित्राबाईंनी लेस बाजूला केली आणि क्षणभर तबकाकडे नुसत्या पाहत राहिल्या. मधोमध गाता नावाची गोल, जाड भाजलेली पोळी, वर सुरीने कोरलेली फुले. वाळवलेली जर्दाळू, अक्रोडाचे तुकडे पोटात घेतलेली. एक डाळिंब. एक चिमुकली लाकडी पेटी. मातीची एक बुटकी बाई, कंबरेवर हात, मोठे पोट, आणि पोटाला एक खिडकी. त्या खिडकीतून मीठ दिसत होते. आणि दोऱ्यात ओवलेले काही तांबूस काळे, लांबट.

"ही मेणबत्ती खायची की लावायची?" जावई हर्षवर्धनने विचारले. चेरीवूडच्या ऑफिसात, कंपनीच्या मीटिंगांत तो जसा हसे तसाच घरातही हसे, दोन्हीकडे सारखे.

"नुसता वास घे. द्राक्षं आहेत," विभावरी म्हणाली. "अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवतात. पियूष एकदा घेऊन आला होता. अंडं नाही, काही नाही. आई, तू खाऊ शकतेस."

"आणि ही पोटुशी बाई काहून पाठवली? काही सांगायचं आहे का त्यांना?"

"आई."

"विचारलं बाप्पा. विचारू नये का? आणि त्यात मीठ. मीठ काही मी हातात घेत नाही. तू तिला उचलून तिकडं ठेव, माझ्या हातात देऊ नको. उगाच भांडणं."

हर्षवर्धनने ती बाई उचलून खिडकीत ठेवली. "ग्रँड. आता ही आपल्याकडे बघत राहणार."

सुचित्राबाई ऐकत नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला होता आणि लेस उलटी केली होती. हातकामाची उलटी बाजू पाहावी, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. सुलट बाजू कुणीही सजवते. ही उलट बाजू सुलटीहून वेगळी नव्हती. त्यांनी नखाने एक धागा चाचपला. क्रोशाचे काम नव्हते. आकडा नाही, दाभण नाही. साधी शिवणाची सुई, आणि एक एक गाठ. गाठीतून गाठ, तिच्यातून पुढची. हाताएवढ्या तुकड्यात हजारांनी गाठी असतील. मध्यावर एका जागी धागा संपून दुसरा जोडलेला होता, आणि तो जोड त्यांना केवळ बोटाला कळला, डोळ्यांना नाही.

चाळीस वर्षे त्यांनी क्रोशा केला होता. लेकीसाठी पलंगपोस, सुनेसाठी म्हणून ठेवलेली तोरणे, शेजारच्या सरिताच्या बाळाची टोपडी. या घरी तीन महिने त्या खिडकीशी बसून रुमाल विणत होत्या, आणि कुणी म्हणे, आई, डोळ्यांना त्रास होईल; कुणी म्हणे, इथे दोन युरोला डझन मिळतात. कुणी उलट बाजू पाहिली नव्हती.

"या बाईचे डोळे जातील," त्या म्हणाल्या. स्वर रागावल्यासारखा होता. "कोणाला दाखवायला करते एवढं?"

"तुला," विभावरी म्हणाली.

*

विभावरीने ती लाकडी पेटी उघडली होती. आत चांदीच्या तारेची कर्णफुले. डाळिंब उकलावे तशी, दाण्यांच्या जागी लाल खडे. ती नासच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत असे. एखाद्या नमुन्याकडे पाहताच त्यातले काय नेमके काय सांगते हे तिला कळे.

"आई, हे कलीगला देत नाहीत."

"मला कळलं. मी काय आंधळी आहे?" सुचित्राबाईंनी लेसची घडी घातली. "रवा कुठं आहे?"

"आत्ता रवा?"

"तबक परत नेणार आहे ना ती? मग?"

हर्षवर्धन वर फोनवर गेला होता आणि नंदकुमार पेपर घेऊन पुढच्या खोलीत होते. कढईत रवा पडला. आईलेकी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अशा उभ्या त्या गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच राहत होत्या.

"विवेक नाव होतं त्याचं," सुचित्राबाई एकदम म्हणाल्या.

विभावरीने उलथन्याकडेच पाहिले. तिने लग्नासाठी निवडलेल्या मुलाचे हे नाव नऊ वर्षांत या दोघींत निघाले नव्हते.

"मी त्याला पाहिलंही नव्हतं, आणि नाही म्हटलं. त्याची आई शाळेत शिकवायची म्हणे. तिला काही येत होतं, नव्हतं, मी विचारलं नाही. जात ऐकली आणि उठून गेले."

"आई, झालं ते. मी सुखात आहे."

"आहेस ना. म्हणून तर आता बोलता येते." रवा तांबूस होत आला होता. "तू सुखात नसती तर मी मेले तरी बोलले नसते."

विभावरीच्या मनात आलेला राग तिला स्वतःला लाजवून गेला. इतक्या वर्षांनी ही कबुली आली, ती तिच्यासाठी नव्हती. धाकट्यासाठी वाट मोकळी करताना वाटेत पडलेली होती. पियूषला सगळे आयते मिळते, हे तिला लहानपणापासून वाटे. मग तिच्या लक्षात आले की त्याने मागितलेले काही तिला आठवत नाही.

"साखर कमी घाल," ती म्हणाली. "त्या लोकांना इतकं गोड..."

"त्या लोकांनी द्राक्षाचा पाक करून अक्रोड बुडवलेत. मला शिकवू नको."

हर्षवर्धन खाली आला तेव्हा वासानेच त्याने ओळखले. ओट्याशी टेकून तो हळूच म्हणाला, "मी एक बोलू का? कोणाला वाईट वाटू देऊ नका. त्यांना राहायचा परवाना आत्ता मागच्या वर्षी मिळालाय. लोक म्हणतील, कागदांसाठी पोरगा धरला."

"त्यांचे कागद पक्के आहेत," विभावरी म्हणाली. "तुझं वर्क परमिट दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. मग कागदांसाठी कोणी कोणाला धरलं?"

तो हसला, आणि या वेळचे हसू मीटिंगमधले नव्हते. "हे मला सुचायला हवं होतं. बरं, मी पार्टी बदलली. एक लाडू द्या, आई."

"आधी तबकात."

*

पियूष परतला तेव्हा तीन वाजून गेले होते. स्वयंपाकघरात चिंचेचा आंबट वास होता. तबक टेबलावर होते, इतके घासलेले की त्याला ते दुसरेच वाटले. आणि त्यात अकरा लाडू गोलाकार मांडलेले होते.

"हे काय?"

"काय म्हणजे? लाडू," सुचित्राबाई म्हणाल्या.

"काढ ते, आई. रिकामं द्यायचंय ते."

"रिकामं?" त्यांना खरोखरच समजले नाही. "आपण कोणाचं भांडं कधी रिकामं दिलं, रे? घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देते मी. तू पाहिलं नाही आजवर?"

त्याने पाहिले होते. अमरावतीच्या घरात प्रत्येक वाटी, प्रत्येक डबा, मेधामावशीकडून आलेले विरजणाचे भांडेदेखील तो स्वतः परत देऊन येत असे, आणि दरवेळी आई दारात थांबवून त्यात काहीतरी घाली. दोन वर्षे आर्पिनेला आपल्या आईचा हवाला देणाऱ्या माणसाला आज सकाळपासून आपल्या आईची ही एक गोष्ट आठवली नव्हती.

"तसं नाही, आई. त्यांच्याकडे त्याचा अर्थ आहे."

मग त्याला सांगावे लागले. तो उभा राहून, टेबलाच्या कडेकडे पाहत सांगत गेला, आणि सांगता सांगता एकेक जण स्वयंपाकघरात येत गेले. तो थांबला तेव्हा चौघेही तिथे होते.

"म्हणजे भरलं तर होकार," सुचित्राबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि ही गोष्ट तू सकाळी काहून नाही सांगितली?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"मला विचारलं तू कधी?"

त्याने एक लाडू उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"पियूष," विभावरी हळू म्हणाली, "तिला काय सांगत होतास इतके दिवस?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली नाही. सुचित्राबाईंना ते कळले होते. त्या खुर्चीवर बसल्या.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं त्या बाईच्या घरात मी वाईट होऊन राहिले. ती तिथं बसून सुई चालवत होती, आणि तिला माहीत होतं की तिकडं अमरावतीला एक बाई आहे, जिला तिची पोर नको आहे. आणि तरी तिनं माझ्यासाठी हे केलं." लेस त्यांच्या मांडीवर होती. "विभाच्या वेळी मी खरंच वाईट होते, ते मी घेतलं. हे कोणाचं घेऊ?"

हर्षवर्धनने नळ नीट बंद केला, तो बंदच होता.

मग सुचित्राबाई उठल्या. वरच्या खोलीतून त्यांची बॅग ओढल्याचा आवाज आला. त्या खाली आल्या तेव्हा हातात एक खण होता, नारळाऐवजी हर्षवर्धनने बाजारातून आणलेल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या आणि तीन महिने विणलेला क्रोशाचा रुमाल होता. त्यांनी ते एकेक करून मांडले, मध्ये साखरेची पुडी ठेवली आणि रुमाल उलट बाजू वर करून पसरला.

"नकळत भरलं होतं," त्या म्हणाल्या. "आता नीट भरलं. तिला कळेल कोणती बाजू वर आहे ते."

*

नंदकुमार खुर्चीत बसून होते. ते मुलाचा चेहरा पाहत होते.

चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता, निदान सुटका. पोस्टात तीस वर्षे लोकांना तारा वाचताना त्यांनी पाहिले होते. बरी बातमी आली की माणूस आधी कागद उलटून बघे, आणखी काही आहे का म्हणून. वाईट आली की तो कागदाकडे न बघता आसपास बघे, कोणी मदतीला आहे का म्हणून. पियूष आसपास बघत होता. त्याने विभावरीकडे पाहिले. मग तो हर्षवर्धनकडे वळला.

"भाऊजी, तुम्हाला नाही वाटत हे घाईचं होतंय? म्हणजे त्यांचे पेपर्स, वगैरे. तुम्हीच मागे म्हणाला होतात..."

"मी काय, बोलतो रे मी," हर्षवर्धन म्हणाला. "तुझी ताई माझं ऐकते का? तू कशाला ऐकतोस?"

नंदकुमारांना आपल्या तरुणपणातली एक दुपार आठवली, जिच्याबद्दल त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. त्या दुपारी एका मुलीला नाही म्हणताना त्यांनीही वडिलांचे नाव पुढे केले होते आणि वडील त्या वेळी शेतावर होते. ते खुर्चीतून उठले, मुलाला कोपराला धरून खिडकीपाशी घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला दुसरा प्रश्न विचारला.

"आम्ही सगळे हो म्हणून राहिलो. तुला काय पाहिजे, हे कोणी विचारलं का तुला?"

"बाबा, मला..." पियूषने खिडकीतली मातीची बाई जरा सरळ केली. "खूप चांगली माणसं आहेत ती."

"ते मला दिसलं."

"मी तिथं गेलो की मला बरं वाटतं. तिच्या आई काही विचारत नाहीत. नुसतं वाढतात. जर्दाळूचा मुरंबा चहासोबत देतात, आणि सुई चालू असते, आणि बाहेर पाऊस असतो. इथं आल्यापासून मला दुसरीकडे कुठेच असं..."

"आणि ती?"

"ती पण असते," पियूष म्हणाला.

हे वाक्य दोघांनीही ऐकले. नंदकुमारांनी त्याचा कोपर सोडला. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, कधीकाळी त्यांच्यासाठी कुणी हलवायला हवी होती तशी.

"जाऊन सांग मग," ते म्हणाले. "आमचं नाव नको घेऊ."

बाहेर गाडी थांबली.

या खेपेला गाडीत दोघी होत्या. सातेनिकने बाजार लवकर आवरला असावा. ती पुढच्या सीटवर काळा स्कार्फ बांधून बसली होती, हात मांडीवर, नजर समोरच्या रस्त्यावर. रीतीप्रमाणे तिने घराकडे पाहायचे नव्हते, आणि ती पाहत नव्हती. आर्पिने उतरून फाटकाशी उभी राहिली.

सुचित्राबाईंनी तबक मुलाच्या हातात दिले. "तूच दे," त्या म्हणाल्या. त्यांना खिडकीपाशी काय झाले ते माहीत नव्हते. त्यांनी केस सारखे केले होते आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या बाईने चुकून पाहिलेच तर आपण दिसावे म्हणून.

दारापासून फाटकापर्यंत बारा पावले असतील. पियूष ती चालला. वाटेत त्याने पुन्हा एकदा सगळी कारणे काढून पाहिली. जात, धर्म, अमरावतीचे नातेवाईक, आईची तब्येत. ज्यांच्या नावावर ती ठेवली होती ती माणसे होकार देऊन मागे दारात उभी होती.

आर्पिनेने तबक पाहिले. लाडू पाहिले, खण पाहिला, रुमाल पाहिला. तिचे डोळे भरले. पण ती हात पुढे करेना. ती चाचणीच्या विभागात काम करणारी मुलगी होती. बाहेरून सगळे ठीक दिसते तेव्हा ती आणखी एकदा तपासत असे. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"हे त्यांनी भरलंय," ती म्हणाली.

"हो. आईनं."

"त्या कधी नाही म्हणाल्याच नव्हत्या का?"

"नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं."

तिने वळून गाडीकडे पाहिले. गाडीत सातेनिक तशीच समोर पाहत होती.

"मग तू काय म्हणतोस?" आर्पिनेने विचारले. स्वरात आरोप नव्हता. जे दोन वर्षांपूर्वीच विचारायचे राहून गेले ते ती विचारत होती.

पियूषने तोंड उघडले, आणि आपल्या जवळचे वाक्य 'आईबाबा' या शब्दाने सुरू होते हे त्याच्या लक्षात आले. त्याने तोंड मिटले. दुसरे वाक्य शोधायला त्याला वेळ लागला, कारण ते नेहमी तिथेच होते आणि तो नेहमी त्याला वळसा घालून जात आला होता. त्यात कुणाचा दोष नव्हता, कुणाची जात नव्हती, कुठला देश नव्हता. ते अगदी लहान होते.

त्याला आर्पिनेशी लग्न करायचे नव्हते.